विंचू उतरवणाऱ्याचं घर

आमी इथलेच. लांज्यावरना आत आलात की जो सडा, म्हणजे उघडा कातळाचा माळ लागतो, त्याच्या पायथ्याशी आमची वाडी, आणि वाडीतला शेवटचा घर आमचा. माजा नाव घेवन तुमी विचारला असता तर कोणाला पटकन कळला नसता, पण इचू उतरवणाऱ्याचा घर कुठला, असा विचारला की म्हातारीकोतारीपासना पोरांपर्यंत सगळे हात करून दाखवतात. आता हात करतात, पण तोंड वाकडा करून. माजा आजा इचू उतरवायचा, त्याचा बाप उतरवायचा, त्याच्या आधी म्हणे कोण बैरागी पावसात अडकून आमच्या पडवीत चार महिने राहिला आणि जाताना विद्या देवन गेला. माजी पोरगी वैशाली विचारायची, बाबा, ह्याला पुरावा काय? मी बोलायचो, अगो पुरावा कसला, तात्या सांगतात. तात्या म्हणजे माजे वडील.

मी चिरेखाणीत कामाला होतो. चिरा कापायचा, उचलायचा, रचायचा, उभा जन्म ह्या तांबड्या धुळीत गेला, अजून खोकताना छातीत वाजते बगा. आणि सडा म्हणजे इचवांचा गाव. दगड उचलला की खाली हाय. दोन जातीचे. एक काळा, मोठा, खेकड्यासारखे नांगे, तो दिसला की खाणीतले बाप्ये पण उड्या मारीत. दुसरा तांबडा, बारका, बोटाएवढा, त्याला आमी चपलेनं उडवायचो आणि कामाला लागायचो. मोठा तो वाईट, बारका तो साधा, असा आमचा हिशेब. हा हिशेब आमाला कोणी शिकवला नाय, डोळ्यांना दिसला तो धरला. तसाच, इचवाची पिल्ला आईला खावन बाहेर पडतात, ह्या पण आमी धरून चाललेलो. वैशालीनं शाळेतना येवन सांगला, बाबा, चूक हाय, ती आईच्या पाठीवर बसतात, आई त्यांना वागवते, आणि विंचू हा माणसाच्या आधीपासना, डोंगर झाले त्याच्याही आधीपासना जगात हाय. मी हसलो. आई पिल्लांना वागवते म्हणताना पोरीचा आवाज हलला, ते मला तवा कळला नाय. तिला आई नव्हती ना.

तात्यांची रीत सांगतो. माणूस बोंब मारीत यायचा, तात्या हातातला काम टाकून उठायचे, आघाड्याची काडी घ्यायची, जिथपर्यंत कळ चढली असेल तिथना खाली खाली काडी फिरवायची, तोंडानं पुटपुटत. मधीच विचारायचे, कळ कुठं हाय? माणूस बोलायचा, ढोपराशी. पुन्हा काडी. आता? पोटरीशी. आता? घोट्याशी. घोट्याशी आली की तात्या काडी मोडून उंबऱ्याबाहेर फेकायचे, उतरला, जा घरी. चहासुद्धा घ्यायचे नाय कोणाचा. पावस गावच्या बाजूनं बागायतदार गाडी करून यायचे, बंदरावरचे मुसलमान यायचे, एक जण आखातातना सुट्टीवर आलेला, तो तर तात्यांच्या पायाच पडला. काय सांगू तुमाला, मी स्वतः बगितलाय, कळ उतरायची. खोटा नाय बोलत. उतरायची.

आणि तिथंच सगळा घात होता.

सुमन, माजी बायको. वैशाली तवा पाळण्यातना नुकती उतरलेली. चैत सरत आलेला, दाढ, म्हणजे भाताची रोपा करायची जमीन भाजायची होती, म्हणून कवळाचे भारे गोठ्याच्या मांगरातना काढून मळ्यात टाकायचे काम चाललेला. सुका पाला, फांद्या, त्यात इचू असणार हे काय नवीन नाय. सुमननं भारा उचलला आणि हात झटकला. चावला काय तरी, बोल्ली. मी भारा उलटा केला तर तांबडा, बारका. मला हायसा वाटला, काळा नव्हता म्हणून. घरी आणली, तात्यांनी काडी घेतली. कळ कुठं? कोपराशी. आता? मनगटाशी. आता? आता नाय फारशी, मामंजी. एवढी लवकर कोणाची उतरली नव्हती. तात्या खूष झाले, बोल्ले, सून हाय माजी, मंत्र घरातल्या माणसाला लवकर लागतो. आमी सगळी हसलो. ती पण हसली, आणि हसताना तिच्या कपाळावरना घाम असा धारेनं चाललेला, मी बोल्लो उन्हातना आली म्हणून. चहा केला, तिनं उलटी केली. हात धरला तर बर्फ. मंग धाप लागली, तोंडाला फेस. गाडी मिळवीपर्यंत, लांज्याचा दवाखाना येवीपर्यंत संपली. वाटेतच संपली, माज्या मांडीवर.

डॉक्टर तरणा होता, तो माज्यावर ओरडला नाय, बाजूला बसवला आणि समजावून सांगला. काळा चावला तर कळ भयंकर, पण बहुतेक माणूस वाचतो, कळ आपोआप पण उतरते. तांबड्याचा विष रक्तात जाते, हृदयावर जाते, आणि ज्याला ते असा आत चढते, त्याला चावल्या जागी कधी कधी फारसा दुखतच नाय. घाम सुटला, हातपाय गार पडले, उलटी झाली की समजायचा. त्याला गोळी हाय, इंजेक्शन हाय, वेळेत आणलात तर माणूस घरी जातो. मी विचारला, म्हणजे तिची कळ उतरली ती? डॉक्टर बोल्ला, ती उतरली नव्हती हो, ती आत गेलेली.

आता बगा, आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या कळ उतरली म्हणजे विष उतरला, असा धरून चाललेले. कळ आणि विष एकच, असा. आणि तो डॉक्टर एका वाक्यात सांगून मोकळा झाला की ह्या दोन वेगळ्या गोष्टी. मी ते तात्यांना सांगला. तेराव्यापर्यंत त्यांनी काडीला हात लावला नाय. पावसाळ्यात कोणाच्या तरी पोराला चावला, बाप पोराला खांद्यावर टाकून दारात आला, आणि तात्या उठले, काडी घेतली. मला भयंकर राग आला. पोरगा गेल्यावर मी विचारला, तुमाला लाज कशी नाय वाटत? ते बोल्ले, दारात आलेल्याला काय सांगू? जा, माज्याकडं काय नाय, असा सांगू? मंग आजवर जे दिला ते काय होता? तो पोरगा वाचला. काळा असेल. मी तात्यांशी त्यानंतर कामापुरता बोल्लो.

तात्या म्हातारे झाले, अंथरुणाला लागले. वाडीचे मानकरी, गावकर, येवन बसायचे, मला बोलायचे, नाना, विद्या घ्या, नायतर त्यांच्याबरोबर जाईल, आमी कुठं जायचा? मी नको नको बोल्लो. वैशाली तवा बारावीला, ती तर सरळ बोल्ली, बाबा, तू घेतलास तर मी ह्या घरात राहणार नाय. पण मी खाणीत बसून बसून विचार केला. मी नाय घेतला तर दुसरा कोण तरी घेईल, आणि तो काडी फिरवत बसेल. मी घेतला तर चावलेला माणूस पहिला माज्या दारात येईल. आला की मी त्याला रिक्षात घालीन. मंत्र रिक्षात बोलीन, दवाखान्याच्या पायरीपर्यंत बोलत जाईन, पण नेईन. लोक डॉक्टरच्या नावानं हलत नाय, मंत्राच्या नावानं हलतात, तर हलवूया. ग्रहण लागला तवा तात्यांना दोघांनी धरून वहाळावर नेला, पाण्यात उभे राहून त्यांनी माज्या कानात विद्या दिली. काय सांगू, मला वाटलेला काय तरी खोल असेल. एवढासा. पोरांच्या खेळातल्या गाण्यासारखा. ह्याच्यावर विसंबून माजी सुमन गेली? मी पाण्यात उभ्या उभ्या रडलो. तात्यांना वाटला, भक्तीनं रडतोय.

वैशाली बोल्ली तशी वागली. रत्नागिरीला मावशीकडं शिकायला गेली ती गेली, आता तिथं रक्त तपासतात तिथं कामाला हाय. सणाला फोन करायची, वाडीत पाऊल टाकला नाय. एकदा फोनवर विचारला, बाबा, आईवर म्हटलेला तोच मंत्र म्हणतोस काय रे? मी बोल्लो, तोच. तिनं फोन ठेवला.

पण मी सांगतो, माणसा वाचली. खोटा कशाला बोलू? बाप्ये, बायका, पोरा, कोणाला रिक्षानं, कोणाला चिऱ्याच्या ट्रकात घालून नेला, मी बाजूला बसून पुटपुटतोय, डॉक्टर गोळी देतोय, दुसऱ्या दिवशी माणूस चालत घरी. आणि घरी येवन काय बोलतात? नानांनी उतरवला. मी घसा फोडून सांगायचो, अरे गोळीनं, गोळीनं. ते हसायचे, मोठा माणूस असाच बोलतो, श्रेय घेत नाय. माजा नाव तात्यांच्या वर गेला. आणि नवीन रीत पडली, इचू चावला की नानांना बरोबर घ्यायचा आणि मंग निघायचा. नानांशिवाय निघायचा नाय.

गेल्या कार्तिकात मी डोळ्याच्या ऑपरेशनला रत्नागिरीला होतो, मोतीबिंदू. पट्टी सुटून वाडीवर यायच्या दिवशी सकाळी फोन आला. शेजारच्या इंदूकाकीची सून, प्रतीक्षा, अंगानं भरलेली, हसरी पोर, लग्नाला वरीस झाला नव्हता. पेंढा रचताना हाताला चावला. मी विचारला, काळा की तांबडा? तांबडा. घाम हाय? हाय थोडा. निघा, मी बोल्लो, आत्ताच्या आत्ता निघा. इंदूकाकी बोल्ली, तुमी या नाना, टेंपो दारात उभा हाय, आमी थांबतो. मी रस्त्यात उभा राहून ओरडलो, माज्यासाठी थांबू नका, मी कोण नाय, माजा काय नाय, निघा गो बाई. होय होय निघतो, बोल्ले. मी गाडी बदलत बदलत वाडीत पोचलो तर टेंपो दारातच उभा. ड्रायवर स्टेरिंगवर. प्रतीक्षाला मागं बसवून ठेवलेली, माजी जागा मोकळी ठेवून. डोका सासूच्या खांद्यावर. मी हात धरला. तो गारवा माज्या ओळखीचा होता.

मला कोणी बोल लावला नाय. शिव्या दिल्या असत्या तर बरा झाला असता. सगळी बोल्ली, नाना तुमी इथं असता तर वाचली असती. चिता पेटलेली आणि माणसा माज्या पाया पडतायत, की पुढं असा गाव सोडून जावू नका.

वैशाली आली तवा. इतक्या वर्षांनी. पडवीत बसली, पाणी पण नाय घेतला. मला वाटला भांडेल. ती एवढाच बोल्ली, बाबा, तू माणसांना दवाखान्यात नेलास, पण त्यांना रस्ता दाखवला नायस, स्वतःला दाखवलास. बरोबर बोल्ली. आणि माज्याकडना पण दुसरा काय होणार होता, ते मला अजून कळत नाय.

शिमग्याच्या आधी देवळात गावकी बसते, पालखीचा ठरवायला. त्यात गावकरांनी काढला, नाना थकले, आता दोघातिघांना विद्या द्या, म्हणजे एक नसला तर दुसरा असेल. सगळ्यांनी माना हलवल्या. मी उठलो. आमच्यात असा मानतात की मंत्र कानात द्यायचा, चारचौघांत मोठ्यानं बोलला की त्याचा गुण गेला, कायमचा. मी देवीकडं तोंड केला आणि मोठ्यानं बोल्लो. तांबड्या इचवा, काळ्या इचवा, सड्यावरचा दगड तुजा, माणसाचा हाड नाय तुजा, उतर रे उतर. सगळा, शेवटापर्यंत. एकानं माज्या तोंडावर हात दाबला, मी तो झटकला आणि पुन्हा पयल्यापासना बोल्लो, म्हणजे कोणी म्हणायला नको की अर्धा राहिला. मंग बोल्लो, संपला. आता इचू चावला तर वाडीत कोणाकडं काय नाय. कोणाची वाट बगायची नाय.

गावकरांनी कानांवर हात ठेवले. बायका रडायला लागल्या, खरा सांगतो, माणूस मेल्यासारख्या. इंदूकाकी पुढं आली आणि माज्या अंगावर थुकली, माजी सून खाल्लीस आणि आता आमची विद्या पण खाल्लीस. शिमग्यात पालखी घरोघर फिरते, माज्या अंगणात रांगोळी घातलेली, नारळ ठेवलेला, पालखी बांधाच्या पलीकडनाच ढोल वाजवीत गेली. कोणी बोलत नाय. दुकानात गेलो तर बाकावरची माणसा उठतात. वैशालीला फोनवर सांगला तर ती बोल्ली, जेवलास काय बाबा? आता रोज विचारते. तेवढा हाय.

देव हाय की नाय, मंत्रात काय होता की नाय, ते तुमी शिकलेली माणसा ठरवा, मला त्यातला काय एक सांगता येत नाय. मी तुमाला परवाचा सांगतो. इंदूकाकीला चावला. लाकडा काढताना, तांबडा. मी पडवीत होतो, मला तिचा आवाज आला, आणि सवयीनं मी चपला घातल्या, बांधापर्यंत गेलो आणि थांबलो. टेंपो आला, ती स्वतः चढली, मला बगितला आणि उभ्या वाडीला ऐकू जाईल असा बोल्ली, ह्या मेल्यानं घालवला सगळा, नायतर मला त्या सुया टोचून घ्यायला लागल्या असत्या काय? टेंपो वळणावर जाईपर्यंत तिच्या शिव्या चालू होत्या. पण गेली. कोणासाठी थांबली नाय. काल घरी आली, आज सकाळी पुन्हा मला शिव्या घालत होती, तुमी यायच्या जरा आधीच. देव तिला अजून खूप वर्षं देवो.