कुंकवानं नापास केलेले बुश

हसायचं तर हसा, पण चहा सांडू नका. फुलचूरच्या आमच्या कारखान्यात ट्रॅक्टरचे बुश, म्हणजे धातूच्या आखूड नळ्या, बनतात. भोकात मापाची दांडी गेली तर माल पास, नाही तर रिजेक्टच्या लाल डब्यात. तपासते मी. शाळेविना शिकले, म्हणून तोरा जास्त.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एकही बुश पास होईना. लेथवर बुश कातणाऱ्या आमच्या जुन्या रमेशला झापलं, "काऊन रे, डोळे मिटून काम करून राहिला का?"

"आजी, परवा तर दांडी जात होती!"

"उद्यापासून येऊ नको!"

तेवढ्यात माल घेणाऱ्या ट्रॅक्टर कंपनीचा इन्स्पेक्टर आला. त्यानं दांडी रुमालानं पुसली. रुमाल लाल झाला.

"कुंकू कोणी लावलं?"

दसऱ्याला दांडीची पूजा मीच केली होती, कुंकू तेलात कालवून.

पुसलेली दांडी प्रत्येक बुशात सटकन गेली. रमेशनं लाल डबा रिकामा केला, माझ्यापुढे सरकवला.

"यात बसा, आजी."