हद्दीच्या दगडाला गाऱ्हाणं

माझं माहेर कणकवलीच्या बाजूला, सासर देवगडकडे, पण मला विचाराल तर मी मालाडचीच, कारण लग्नाची हळद उतरायच्या आधी कुरारच्या चाळीत आले ती आजपावेतो तिथेच आहे, मागे डोंगर, पुढे नाला, मधे आम्ही. आमचे हे मिलमध्ये साळखात्यात होते, कापड विणायचे चार-चार साचे एकटे बघायचे, आणि त्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय, म्हणून घरात मीठ मागितलं तरी तिसऱ्या खोलीत ऐकू जायचं. मी म्हणायची, अहो हळू, लोकांना वाटेल भांडण चाललंय. गावी ह्यांच्या घराण्याला गाऱ्हाण्याचा मान. आता तुम्हाला माहीत असेल नसेल, सांगते. देवापुढे नारळ ठेवून एक माणूस सगळ्यांच्या वतीने खड्या आवाजात मागतो, ह्याचं बरं कर, त्याची वाट मोकळी कर, आणि बाकीचे प्रत्येक मागण्याला व्हय म्हाराजा म्हणतात. आमच्याकडे कुठलंच काम त्याच्याशिवाय होत नाही, आणि रानात पाऊल टाकायचं तर नाहीच नाही, रानाला राखणदार असतो, त्याला न सांगता आत जाणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरणं.

तर मग मिलचा संप झाला. पहिले पहिले हे मोर्चाला जात, घोषणा देऊन घसा बसवून येत. मग मिल काही उघडेना, मोर्चे कमी झाले आणि ह्यांचं बोलणं पण कमी झालं, एकदम नाही, रोज थोडं थोडं, नळाचं पाणी जातं ना तसं. मी मसाले कुटून द्यायला लागले, पापड लाटायला लागले, आणि हे दारात बसून डोंगराकडे बघायचे. त्या वर्षी गावच्या जत्रेला गेले नाहीत, ह्यांच्याऐवजी चुलतभावाने गाऱ्हाणं घातलं असं पत्र आलं, ते वाचलं, घडी करून उशीखाली ठेवलं, बस्स. काय सांगू तुम्हाला, माणूस रडला तर कळतं, भांडला तर कळतं, पण गप्प बसलेल्या माणसाचं काय करायचं? आमच्याच चाळीतला एकजण असाच गप्प गप्प राहून एक दिवस बाहेर पडला तो परत आलाच नाही. शेजारची मेरीबाय, ती मढची, माझ्यावर जीव तिचा, ती मला म्हणाली, ह्याला एकटा सोडू नको गं. तेव्हापासून मी बाजारातून पळतच परत यायची.

आमची शालू चौथीत होती. तिच्या वर्गातल्या मुली बोरिवलीच्या नॅशनल पार्कात सिंह बघून आलेल्या, म्हणून हिचा हट्ट, मला पण सिंह. मी म्हटलं चला, थंडीचे दिवस आहेत, निदान हे उंबऱ्याच्या बाहेर पडतील. डब्यात घावणे घेतले, चटणी घेतली, आणि खाली पिशवीत नारळ टाकला. ह्यांना सांगितलं नाही.

जाळीच्या गाडीत बसवून नेलं. सिंह झाडाखाली आडवा पडलेला, माणसांनी टाळ्या वाजवल्या, ओरडली, त्याने मान पण उचलली नाही. शालू म्हणाली, बाबांसारखाच बसलाय. पोरीला काय कळतंय, पण गाडीत माझं तोंड उतरलं, आणि हे खिडकीतून त्या सिंहाकडे बघतच राहिले, गाडी वळली तरी मान मागे.

मग आम्ही कान्हेरीच्या रस्त्याने चालायला लागलो. दोन्हीकडे झाडी, माकडं, कुठे ओढ्याचं पाणी. एका ठिकाणी पायवाट आत जाते, तिच्या तोंडाशी गुडघ्याएवढा दगड, वरून लाल रंगवलेला. हे थांबले. पायातल्या चपला काढल्या. मला म्हणाले, नारळ हाडलंस काय गो? किती दिवसांनी आपणहून काही विचारलं, मी डब्याखालून नारळ काढून हातात दिला.

नारळ ठेवला, हात जोडले, आणि सुरू झाले. बा राखणदारा, आज ही तुझी लेकरा तुझ्या रानात इली हत, त्येंका संभाळ रे म्हाराजा. मी आणि शालू म्हटलं, व्हय म्हाराजा. चाळीतल्या सगळ्यांसाठी मागितलं, मेरीबायच्या गुडघ्यासाठी पण मागितलं. आधी आवाज फाटका, मग भरत गेला, आणि मिलची दारा बंद झाली हत ती उघड, जेच्या हातातला काम गेला तेच्या हाताक काम दी रे म्हाराजा, इथे आले तेव्हा तो आवाज साळखात्यातला आवाज होता, झाडावरची माकडं पळाली. आणि व्हय म्हाराजा म्हणायला मागून तिसरा आवाज आला.

वळून बघते तर खाकी कपड्यातला गार्ड. जंगलातल्या पाड्यावरचा, वारली माणूस. नारळ फोडून होईस्तोवर तो बिचारा हात जोडून उभा राहिला, मग हळूच म्हणाला, दादा, रागवू नका, पण हा हद्दीचा दगड आहे, मागच्या आठवड्यात मीच रंगवला, आमचा देव, वाघोबा, तिकडे झाडाखाली आहे.

वाटलं, झालं, आता हा माणूस पुन्हा तोंड उघडणार नाही. शालू फसकन हसली. हे दगडाकडे बघत होते. मग म्हणाले, दगड आसलो म्हणून काय झाला, ऐकल्यान मा? आणि हसले. मी मात्र तिथेच रस्त्यात बसून रडले, लाज वाटली नाही मला.

अर्धा नारळ आम्ही वाघोबाला नेऊन ठेवला. गार्डने आमचे घावणे खाल्ले आणि म्हणाला, देवाचं मला माहीत नाही, पण आमच्या नर्सरीत रोपांच्या पिशव्यांत माती भरायला माणसं पाहिजेत. हे लगेच गेले नाहीत हो, साचे चालवणारा माणूस मातीत हात घालेल होय, असं आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी गेले.

हे आजही जातात. शालू आता कॉलेजात आहे. दर थंडीत आम्ही नारळ घेऊन त्याच दगडापुढे उभे राहतो, गार्ड व्हय म्हाराजा म्हणायला येतो. दर वर्षी गाऱ्हाण्यात मिल असते, दारा उघड रे म्हाराजा. ह्या वर्षी चाळीचं झालं, शालूचं झालं, आता मिल येणार म्हणून मी तोंड उघडून तयार, आणि हे म्हणाले, औंदा लावलेली रोपा माकडांनी मोडू नयेत, ती मोठी कर रे म्हाराजा. मिल आलीच नाही. माझ्या तोंडातून शब्द फुटायला उशीर झाला, पण म्हटलं, व्हय म्हाराजा.

तुम्ही एवढं ऐकून घेतलंत, तुमच्या पण हाताला कधी रिकामपण येऊ नये. म्हणा, व्हय म्हाराजा.