कामठ्यातल्या अकरा जणांचा कोट

आपट अजून, दुधराम, आपट ते फ्रेम काउंटरवर — काच फुटन, तुह्या बापाचा कोट नाही निघनार. फोटोतला कोट त्याचा नाही म्हणे. मंग काय, त्यानं जन्मात कोट घातला होता का? नाही. मागाले कोण आला होता — तूच ना? बाबूजीले साहेबावानी कोट पाहिजे म्हणून. अन् आणलं काय, तर मतदान कार्ड. त्याच्यात माणूस किती असते? मानेवरी. मानेखालचा बाप मी काय बाजारातून आणू?

मुंडकं मी काढलं. सरळ कैचीनं नाही — कम्प्युटरातल्या पेन टूलनं, टिंब टिंब देत, कानामागून, धानाच्या बांदीले मातीचा धुरा घालावा तशी रेघ मारत. शेवटचं टिंब पहिल्याले भिडलं पाहिजे, नाही तर धुरा फुटल्यावानी सारं वाया. मंग खालच्या लेअरवर, म्हणजे थरावर, कोट, वरच्यावर मुंडकं. कोणं शिकवलं मले, या धुरपताले? कोणीच नाही. पुस्तक इंग्रजीत, मी चौथी पास — छप्पनाव्या वर्षी एका वांग्याच्या फोटोभोवती महिनाभर रेघ मारली, काट्यासकट देठ सुटा झाला तवाच उठली. अन् तू मले जोड दिसते म्हणतं. दाखव बोट ठेवून. नाही ना दिसत?

मंग भांडण कायचं? …माय हार घालत नाही? हा आपला माणूस नाही म्हणते? काऊन, तोंड तर त्याचंच हाये. हात? …असं. राईस मिलच्या पट्ट्यात गेली होती, बाबूजीच्या उजव्या हाताची दोन बोटं. ते मतदान कार्डावर लिहून राहत नाही गा. इथं दहाही बोटं हायेत, म्हणून तुह्या मायले, जमुनाबाईले, परका माणूस दिसून राहिला. अन् अंगठीचं काय? शालीकरामच्या घरी टांगलेल्या फोटोत त्याच्या बापाच्या बोटातही हेच अंगठी — तर असन. कामठ्यात अकरा जण हाच कोट घालून भितीवर टांगले हायेत, एकाच्याही बायकोनं आजवरी तक्रार नाही केली.

अंगठी माह्या मायनं दिली होती. जावयाले. पाहतं काय असा? आमच्या लग्नाचा फोटो हाये तो, कोट घालून खुर्चीवर माहा नवरा बसला हाये. बाजूले मी होती. आधी मले काढलं, मंग त्याचं मुंडकं. मेला नाही, छत्तीसगडात दुर्गले हाये, दुसरीसंगं, खाऊनपिऊन बरा. जातानी हे फोटोचं दुकान सोडून गेला, तर मी त्याचा कोट कामाले लावला. मुंडकं फेकलं नाही — लेअरच्या बाजूले डोळ्याचं चित्र असते, ते बंद केलं का माणूस दिसत नाही, पण राहते तिथंच. कायले ठेवलं? …ते तुह्या कामाचं नाही. कधी कधी उघडून पाहते, बस. केस चांगले होते.

उद्या बापाची तेरवी, आज दोन वाजता विजेची लाइन जाते, अन् बापाच्या हाताचा फोटो तुह्या घरी एकही नाही — मालूम हाये, नको सांगू. कोट राहीन. नवऱ्याचा उजवा हात मी काढते, अंगठीसकट. तिथं आता कोणाचा लावू? तुह्या मायनं चाळीस वर्षं जो हात पाहिला तो कुठं भेटन? दाखव तुहा पंजा. उलटा कर. माय म्हणते ना, हातापायानं तू बापावर गेला?

मंग भांडत काय उभा हायेस — त्या कॅमेऱ्यापुढच्या स्टुलावर बस, उजव्या हाताची दोन बोटं आत दुमड, अन् हालू नको.