खारट आमटीचा निकाल

कागलहून बस कोल्हापूरच्या शाहूपुरीकडे निघाली आणि भूमिकानं मोबाइलवरचं गाणं बंद केलं. पुढच्या सीटवरच्या दोघी इतक्या मोठ्यानं बोलत होत्या की दुसरं काही ऐकूच येईना.

“चिमणाक्का, कारखान्याच्या कॅन्टीनमधी परत घेतलं म्हणं तुला?”

“घेतलं की! हायकोर्टानं सांगितल्यावर न घेऊन करतील काय?”

“पर कारखाना तर म्हणत हुता, ही बाई ठेकेदाराची, आमची न्हवं.”

“ठेकेदाराचं त्वांड म्या अजून बघितलं न्हाय, चन्नम्मा.”

“मग कोर्टाला पटलं कसं?”

“मॅनेजर सायबामुळं! खालच्या कोर्टात मला नालायक ठरवाय उभा ऱ्हायला. म्हणाला, ही आमटी खारट करायची, मी रोज झापायचो, शेवटी मीच काढून टाकली.”

“आगं बाई!”

“आता हायकोर्ट कोल्हापुरातच आलंय, म्हणून मीबी आत जाऊन बसलोतो. वकिलानं सायबाचं त्येच बोलणं वाचून दाखवलं. जज्जसायेब म्हणालं, झापणार तुम्ही, काढणार तुम्ही, आणि बाई मात्र ठेकेदाराची?”

“आता झापतोय का?”

“छ्या! जेवतोय आन् गप उठतोय. काल मुद्दाम आमटीत मूठभर मीठ जादा टाकलं.”

“मग?”

“दोन वाट्या प्याला. म्हणतोय कसा, ‘मावशी, आमटी झ्याक!’”

“आन् तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, सायेब, हेबी वकिलाला सांगतो.”