कौल, पण बंधनकारक नाही

...आणि दात तरी किती पांढरे असावेत हो माणसाचे या वयात! तुम्हाला सांगतो, हा आमच्या समोरच्या दारातला दंतवैद्य, निवृत्त झाला, दवाखाना मुलीच्या हाती दिला, आता तरी जिन्यात भेटल्यावर तोंड मिटून हसावं की नाही? नाही! संपूर्ण जाहिरात! आणि सगळी इमारत त्याला ‘डॉक्टर’ म्हणते. अहो, डॉक्टर मीसुद्धा आहे! बंधनकारक नसलेल्या सार्वमतावर प्रबंध लिहिलाय मी! म्हणजे सरकारनं लोकांना विचारायचं, लोकांनी सांगायचं, आणि ते ऐकायचं की नाही हे पुन्हा सरकारनंच ठरवायचं... या एका विषयात हयात गेली माझी, पण खालून कुणी ‘डॉक्टर!’ अशी हाक मारली, मी लगबगीनं खिडकीत गेलो, की खालूनच ओरडतात, ‘तुम्ही नाही हो सर, दातांचे!’ हा हेवा नव्हे बरं का. निरीक्षण आहे.

तर आमच्या तळमजल्यावर एक वाचनाची खोली आहे. म्हणजे पुस्तकं माझी, खुर्च्या माझ्या आणि वाचणारा... तोही बहुतेक मीच. घरात पुस्तकांना जागा नाही. बायकोनं केव्हाच बजावलंय, ‘एक तर ती राहतील, नाहीतर मी.’ तेव्हा ती खोली गेली की माझी पुस्तकं थेट रद्दीत! आणि तरुण मंडळींना नेमकं तिथंच टेबल टेनिस हवं. समितीच्या अध्यक्षीणबाई पूर्वी बँकेत होत्या, आवाज अजून खिडकीमागचाच, मला म्हणाल्या, ‘सर, तुमचा अभ्यास आहे ना? मग लोकांचं मत कसं घ्यायचं ते तुम्हीच लिहून द्या.’ मला विचारलं! दंतवैद्याला नाही, मला! मी हुरळलो. आणि लगेच वाटलं... हरलो तर? म्हणून एक फट ठेवली. कौल बंधनकारक नसेल. लोक उलटे गेलेच, तर समितीला चार गोष्टी समजावता येतील. शास्त्र आहे ते, लबाडी नाही. नाही ना?... अजून विचार करतोय.

सूचना लावली : ‘रविवारी सकाळी तळमजल्यावर कौल घेण्यात येईल. सदर कौल बंधनकारक नाही.’ कशी नेमकी! कशी निर्दोष! आणि संध्याकाळपासून दाराची घंटा थांबेना. पहिल्या मजल्यावरच्या शिंपीकाकू आल्या, ‘सर, कौलं कशाला घेताय? गाड्यांच्या छपरावरचा पत्रा काय वाईट आहे?’ त्यांच्यामागून इमारतीतलाच एक ट्रकवाला, ‘घरटी किती कौलं? बंधनकारक नाहीत ना, मग आम्हाला नकोच!’ मी त्यांना ‘कौल’ या शब्दाची व्युत्पत्ती सांगायला घेतली. काकूंनी सगळी ऐकली, मान डोलावली आणि म्हणाल्या, ‘ते कळलं हो, पण भाजलेली की सिमेंटची?’

तेवढ्यात समोरच्या दारातून हा दंतवैद्य निघाला आणि आम्हा सगळ्यांना घेऊन खाली सूचनेपाशी उतरला. खिशातून पेन काढलं आणि माझ्या सूचनेखाली, माझ्या कागदावर, लिहिलं, ‘खोलीत पुस्तकं की टेबल टेनिस? या आणि सांगा.’ बस्स! ‘वा डॉक्टर, आत्ता कळलं!’ आणि ही, माझी बायको, हो! ‘बघा, किती सुटसुटीत लिहिलंय!’ इतका संसार झाला, माझ्या एका वाक्याला कधी सुटसुटीत म्हणाली नाही. हेवा नव्हे हा! निरीक्षण!

रविवारी मी भाषणाला उभा राहिलो. ‘सार्वमताचे स्वरूप तपासताना प्रथमतः...’ इथवर पोचतोय तोच मागून कुणीतरी घोरायला लागलं. मग हा दंतवैद्य उठला. ‘अहो, सरांची पुस्तकं आहेत ती. जातील कुठं बिचारी? राहू द्या.’ एवढंच म्हणाला आणि बसला. आणि हसला! अहो, सगळे हात वर! टेबल टेनिसवाल्यांचेसुद्धा! पुस्तकं जिंकली, मी जिंकलो, आणि लोक हात कुणाचा दाबताहेत? दंतवैद्याचा!

मग अध्यक्षीणबाई उठल्या. ‘समिती या कौलाचा मनापासून आदर करते. टेबल गुरुवारी येईल.’

मी ताडकन उभा! ‘बाई, अहो, लोकांनी आत्ता...’

‘बंधनकारक नाही ना, सर? तुम्हीच लिहिलंय. पुढचा विषय!’

शास्त्रदृष्ट्या बाई बरोबर होत्या! मी तर... सवयीनं मानही डोलावली.

पुस्तकांचं काय झालं विचारताय? या दंतवैद्याच्या बाहेरच्या खोलीत आहेत. ‘आणा इकडे सर, आणि वाटेल तेव्हा येऊन वाचत बसा,’ म्हणाला. आता मी माझीच पुस्तकं त्याच्या खुर्चीत बसून वाचतो, आणि ही मला जेवायला बोलवायला येते ती तिथंच टेकते, ‘किती नीट लावलीत हो डॉक्टरांनी!’ हेवा नव्ह... जाऊ दे.

काल स्वयंपाकघरात गाठलं तिला. म्हटलं, ‘खरं सांग, आमच्या दोघांत हुशार कोण? तो की मी?’

ओटा पुसता पुसता थांबली. ‘अहो, सांगितलं तर मनाला लावून घ्याल.’

‘नाही गं. नुसतं मत विचारतोय.’

‘म्हणजे बंधनकारक नाही ना?’

‘अजिबात नाही.’

‘मग तुम्ही,’ म्हणाली आणि पुसायला लागली.

घेतलं पदरात पाडून. या वयात फेरमतदान कोण मागतो?