एका वर्षाची सही

मी मूळची मिरजेची. वडील रेल्वेच्या पार्सल ऑफिसात, आम्ही तिघी बहिणी, मी मधली, आणि मधलीकडे कुणाचं लक्ष नसतं तसं बी.ए. होऊन गप लग्न करून चिंचवडला गेले. हे डाय, म्हणजे कारखान्यातले साचे, बनवणारे इंजिनियर. आमचा निखिल सहा वर्षांचा असताना कंपनीने यांना दोन वर्षांसाठी इकडे जर्मनीत बॉबलिंगेनला पाठवलं, आणि काय सांगू तुम्हाला, ती दोन वर्षं अजून चालूच आहेत. घरात बसून डोकं फिरायला लागलं तेव्हा मी आल्टेनहाइममध्ये, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या घरात, किचनला लागले. अंडं न शिवलेली बाई मी, तिथे पहिल्याच दिवशी सॉसेज उकडले. असो.

निखिल हाडापेराने दांडगा. आठवीत यांच्या डोक्याच्या वर गेला. मराठी सगळं कळायचं पण उत्तर जर्मनमध्येच, मी म्हणायची बाळा जेव, तो म्हणायचा ग्लायष, मामा. म्हणजे आलोच. इकडचा पायाने खेळायचा फुटबॉल त्याला जमेना, धाप लागायची, पोरं हसायची, त्याला कपाट म्हणायची. आता आमच्या गावाबाहेर अमेरिकन सैन्याची छावणी आहे, तिथून रिटायर होऊन इथल्याच बाईशी लग्न करून राहिलेला एक रे म्हणून होता, तो क्लबमध्ये पोरांना त्यांचा तो फुटबॉल शिकवायचा, चेंडू हातात घेऊन पळायचा असतो तो. निखिल पळायचा नाही, त्याने नुसतं पुढे उभं राहून समोरच्याला अडवायचं. म्हणजे कपाटाचंच काम, पण तिथे त्याला कुणी हसलं नाही. तिथे त्याच्या पाठीवर थाप मारत होते. आई आहे मी, मला ते दिसत होतं.

रे म्हणाला, ह्या पोराला अमेरिकेत कॉलेज फुकट मिळेल. त्याच्या आधी क्लबमधला स्टेफान म्हणून एक मुलगा असाच गेला होता. त्या वेळची रीत वेगळी होती, रे सांगायचा, खेळाच्या व्हिडिओ कॅसेट करायच्या, आपली कॅसेट त्यांच्या मशिनवर चालत नाही म्हणून त्या बदलून घ्यायच्या, पार्सल करायच्या आणि महिना महिना पत्राची वाट बघायची, कॉलेजच्या कोचने फोन किती वेळा करायचा त्यालासुद्धा नियम. निखिलच्या वेळेपर्यंत कॅसेट गेली, डीव्हीडी आली, आणि मोबाइलवर मेसेज आले. फोनला नियम होता पण मेसेजला नव्हता, मग काय, नुसता पाऊस. आम्ही वरणभात जेवतोय आणि टेबलावर त्याचा मोबाइल थरथरतोय. एक कोच होता तो तर रोज लिहायचा, सन लिहायचा त्याला, सन म्हणजे मुलगा. आमचं कुटुंब तुझी वाट बघतंय म्हणून. हे म्हणाले, त्याचं कुटुंब इथे बसून भात खातंय ते सांग त्याला. मी हसले. हे हसले नव्हते.

आणि एक दिवस मेसेज बंद. एकदम. पोराने खाणं सोडलं, मी विचारलं काय झालं तर म्हणाला, लास मिष, मामा, सोड मला. आम्हाला वाटलं आता नको झाला त्यांना. रेने मग सांगितलं की नियम बदलला, कोचनी मुलांना मेसेज करायचे नाहीत असं वरून आलंय, पोरांना त्रास होतो म्हणून. बघा, मुलाच्या भल्यासाठी केलेला नियम आणि माझा मुलगा तीन आठवडे फोन हातात धरून बसलेला. त्या तीन आठवड्यांनी मी घाबरले, खरं सांगते. पुढे मी जे केलं ते त्या भीतीने केलं.

कारण मग कागद आला, त्या रोज लिहिणाऱ्या कोचच्या कॉलेजचा, स्कॉलरशिपचा. फॅक्सने, ह्यांच्या ऑफिसात. मुलगा एकवीसच्या आत म्हणून आई किंवा बाप, एकाची सही पाहिजे. हे इंजिनियर माणूस, स्क्रूची पावतीसुद्धा वाचणार. वाचलं आणि म्हणाले, अगं हे एका वर्षाचं आहे. चार वर्षांचं शिक्षण आणि कागद एका वर्षाचा. फोन लावला त्या कोचला, तो म्हणाला सर, नियमच तसा आहे, एका वर्षापेक्षा जास्त लिहून द्यायला कुठल्याच कॉलेजला परवानगी नाही, पण आम्ही दर वर्षी पुढे चालू करतो, माझा शब्द आहे. हे म्हणाले, शब्द आहे तर कागदावर का नाही. निखिलला इथल्या एका कारखान्यात आउसबिल्डुंग, म्हणजे काम करत शिकायची जागा, मिळाल्यातच जमा होती. हे म्हणाले मी सही करणार नाही. निखिल बापाला जर्मनमध्ये म्हणाला, तुम्हाला मी कपाटच वाटतो. हे उठून बाल्कनीत गेले. आणि मी पेन घेतलं. माझं इंग्रजी बी.ए.चं आहे, मला कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. कळलं होतं. मी सही केली.

पहिलं वर्ष छान गेलं हो. फोटो यायचे, नावाची जर्सी. सुट्टीत ये म्हटलं तर उन्हाळ्यातपण ट्रेनिंग, नाही आला तर जागा जाते म्हणे. दुसऱ्या वर्षी तो शब्द देणारा कोच जास्त मोठ्या कॉलेजला निघून गेला. त्याला जाता येतं, मुलांना नाही, मुलगा दुसरीकडे गेला तर एक वर्ष बाहेर बसायचं असा तेव्हा नियम. नवा कोच आला तो स्वतःची मुलं घेऊन आला. त्यातच सरावात निखिलचा गुडघा गेला. ऑपरेशन केलं त्यांनी, नाही म्हणणार नाही, पण उन्हाळ्यात पत्र आलं की पुढच्या वर्षासाठी आपली स्कॉलरशिप चालू ठेवत नाही. चार ओळी. निखिलच्या नावाचं स्पेलिंगपण चुकलेलं. अपील करायची सोय होती, ह्यांनी रात्रंदिवस खपून केलं, फोनवर सुनावणी झाली, ते म्हणाले कागद एका वर्षाचा होता, आम्ही काही मोडलेलं नाही. गेनाऊ. अगदी बरोबर होतं त्यांचं.

हे मला एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी बोलायला पाहिजे होतं. म्हणाले, येऊ दे घरी, गुडघा बघू, आउसबिल्डुंग शोधू. आणि त्याच्या इथे राहायच्या कार्डाचं विचारायला म्हणून आम्ही दोघं गावच्या आमटात, सरकारी ऑफिसात गेलो. तिथली बाई चांगली होती, वयस्क, तिने दोनदा कॉम्प्युटर बघितला. म्हणाली, तुमचा मुलगा सहा महिन्यांच्या वर देशाबाहेर होता, जायच्या आधी येऊन मुदत वाढवून घेतली नाहीत, त्याचं इथे राहायचं परमिट संपलंय. मी म्हटलं, अहो सहा वर्षांचा आला तो, इथे शाळा शिकला, घरातसुद्धा जर्मनच बोलतो. ती म्हणाली, लहानपणापासून इथे वाढलेल्यांना परत यायची एक वाट आहे, पण अर्ज एकविसाव्या वाढदिवसाच्या आत पाहिजे. वाढदिवस होऊन सात आठवडे झाले होते. मी तेव्हा ह्यांच्याकडे बघितलं. मी कितीदा म्हणाले होते, इकडचा पासपोर्ट घेऊ, आणि हे म्हणायचे आपला सोडावा लागतो, मरताना मी भारतीय मरणार. मी बघितलं आणि मग खाली बघितलं. दोघांचंही एकेक चुकलं होतं. पार्किंगमध्ये गाडीत बसून हे रडले. ह्यांना रडताना मी कधी बघितलं नव्हतं.

वकील केला, काही झालं नाही. कॉलेज नाही म्हणून अमेरिकेचा व्हिसा नाही, कार्ड नाही म्हणून जर्मनी नाही. मग आमचा बॉबलिंगेनचा मुलगा पुण्याला गेला, पासपोर्टावर देश तो होता म्हणून. ह्यांची बहीण सिंहगड रोडला, तिच्याकडे. वन्सं फोनवर म्हणायच्या, वहिनी, दिवसभर खोलीत बसतो, दुधाच्या पिशवीवरचं मराठी वाचता येत नाही त्याला, रिक्षावाले फसवतात. दोन वर्षं तो माझ्याशी बोलला नाही. वन्सं फोन त्याच्या कानाला लावायच्या आणि मला नुसता श्वास ऐकू यायचा. मी तरी बोलत राहायची, आज काय केलं, काय शिजवलं, बाल्कनीत काय लावलं.

आता म्हणे सगळं बदललंय. रे मागे भेटला बाजारात, म्हातारा झालाय, सांगत होता की आता चार वर्षांचा कागदपण देता येतो, दुखापत झाली म्हणून कित्येक ठिकाणी काढता येत नाही, मुलं कॉलेज बदलतात, वर पैसेपण मिळतात त्यांना. त्याला मला बरं वाटावं म्हणून सांगायचं होतं. मी म्हटलं, चांगलं झालं की, कुणाच्या तरी मुलाला होईल. आणि भाजी घेऊन घरी आले. हे आता नाहीत, चार वर्षं झाली. भारतीयच गेले.

निखिल पुण्यात जर्मन शिकवतो. इकडे यायच्या नर्सेसना. लग्न नाही केलं. जिना चढताना थांबतो, वन्सं सांगतात. रविवारी फोन करतो, मराठीत बोलतो माझ्याशी, पुण्याचं मराठी, मला आई म्हणतो. मामा म्हणायचा ते गेलं. गेल्या महिन्यात आमच्या आल्टेनहाइममध्ये नाशिकची एक मुलगी आली नर्स म्हणून, पहिल्या दिवशी किचनच्या खिडकीशी येऊन मला जर्मनमध्ये म्हणाली, थोडं मीठ मिळेल का, आणि थोडंला बिस्ले म्हणाली. आ बिस्ले. ते पुस्तकातलं जर्मन नाही, ते आमच्या इकडचं श्वेबिश आहे, इथल्या गल्लीत वाढलेलं पोरच तसं बोलणार. मी विचारलं, कुठे शिकलीस गं. ती म्हणाली, पुण्याला, आमचे एक सर आहेत.

मी तिला नाही सांगितलं. मीठ दिलं. म्हटलं सुखी राहा, आणि इथलं कुठलंही कार्ड असो, त्याची तारीख बघत जा बाई.