पंख्याचं इमान

आकाराम : मला येडा समजू नकोस नंदे. खिडकीतनं पाटी वाचली मी. बेळगाव लिवलंय तितं. हे कोल्हापूर न्हवं.

राजनंदिनी : बेळगावच आहे काका. आत्ता स्पीकरवरनं मीच सांगितलं की. कोल्हापुरात धुकं आहे, रनवे दिसला नाही, म्हणून बेळगावात उतरलो. धुकं हटलं की परत उडायचं.

आकाराम : स्पीकरवर तू हुतीस? मला वाटलं दवाखान्यातली नर्स बोलायलीया. "कृपया आपल्या जागेवर बसून राहा." घरात कधी बोललीस व्हय असं गोड?

राजनंदिनी : जरा हळू बोला. मागं सगळे ऐकतायत.

आकाराम : ऐकू देत की! सख्खा चुलता हाय मी तुझा, चोरी हाय का काय? ओ पावणं, ही माझी पुतणी बरं का. थोरल्या भावाची. मघाधरनं तुमाला सांगतोय ती हीच. हे इमान हीच चालवती.

राजनंदिनी : एकटी नाही चालवत. कॅप्टन आत बसलेत. मी त्यांच्या शेजारी.

आकाराम : शेजारी तर शेजारी. पण खाली आणलंतासा की कोल्हापूरवर! ह्या डोळ्यांनी बघितलंय मी. खाली उसाचं तुरं दिसाय लागलंतं. म्हणलं आला उजळाईवाडीचा विमानतळ. आन् एकदम भुंगाट वर!

राजनंदिनी : उसाचे तुरे दिसून चालत नाही काका. रनवे दिसावा लागतो. ठरलेल्या उंचीपर्यंत दिसला नाही की वर जायचं. तिथं विचार करत बसायचं नसतं.

आकाराम : आन् तितं आण्णा उभा हाय त्येचं काय? निम्मी मंगळवार पेठ आणलीया तुझ्या बापानं. हलगीवालं आल्यात, धोंडुबाई आत्या ओवाळायचं ताट घिऊन उनात उभी हाय.

राजनंदिनी : उन्हात?

आकाराम : म्हंजे थंडीत. आत्ता फोन झाला माझा. आण्णा म्हणतोय, कुठलं धुकं आणि कुठलं काय, मला पार्किंगमधनं पार हायवेपतोर दिसतंय. तू म्हण तिला, आण म्हणावं बिनधास्त.

राजनंदिनी : आण्णा जमिनीवर उभे आहेत. मी वरनं बघत होते. आण्णांच्या डोळ्यांनी मी विमान कसं उतरवू?

आकाराम : तुझं ते आधीचं मालाचं इमान असतं तर उतरवलंच असतंस.

राजनंदिनी : नसतं उतरवलं. माल असू दे नाहीतर माणसं, धुकं तेच. फरक एवढाच, की इतक्या वर्षांत एकाही खोक्यानं मला विचारलं नाही, बाई, आपण बेळगावात का म्हणून.

आकाराम : टोमणं मारू नकोस. काल रातच्या गाडीनं मुंबईला गेलतो मी. कशाला? परत यायला! ना कुणाच्या घरी गेलो, ना समुद्र बघितला. स्टेशनावरनं थेट विमानतळ. पुतणीच्या इमानातनं कोल्हापुरात उतरायचं म्हणून. कोण करतंय गं असं?

राजनंदिनी : कोण नाही करत. म्हणूनच म्हणत होते, येऊ नका. पहिले काही आठवडे मला निवांत काम करू द्या.

आकाराम : निवांत काम लई केलंस की! मालाचं चालवत हुतीस तवा चौकात लोकं इचारायची, पोरगी काय करती? पायलट हाय म्हणलं की, कुणाला बसवून नेतीया? कुणाला न्हाय! मग मी काय सांगू? आभाळातला टेंपो चालवती? तुझ्या चुलतीनं दोन जागी तुझ्या लग्नाचं सांगून बघितलं, त्येंनी उलटं आमालाच इचारलं, पोरीत काय खोट हाय काय, माणसं का देत न्हाईत तिच्या ताब्यात.

राजनंदिनी : माहीत आहे मला. काकींनी ते मला जेवताना सांगितलंय. दोन वेळा.

आकाराम : मग मी म्हणलं, सोड ते, माणसं ने. ऐकलंस. बरं वाटलं. पण म्हणून हे असलं पंख्याचं इमान? आधीचं केवढं दांडगं हुतं! हे गुऱ्हाळाच्या चरकावानी वाजतंय. कानात दडं बसलं माझ्या.

राजनंदिनी : लहान गावांना अशीच विमानं लागतात. आणि काका, एक ऐका. मोठं विमान सोडून लहान घेतलं, नव्यानं परीक्षा दिल्या, परत सगळ्यांत खालच्या पायरीवर येऊन बसले. ते तुमच्या चौकातल्या लोकांसाठी नाही केलं मी.

आकाराम : मग कुणासाठी?

राजनंदिनी : आत्ता सांगायची गोष्ट आहे का ही?

आकाराम : मग आत्ता दुसरं काय काम हाय तुला? धुकं उठवायला जाणार हाईस?

राजनंदिनी : एका दिवाळीत गुवाहाटीला उतरले, पहाटे. माल उतरवून गाड्या निघून गेल्या. एक हमाल जाता जाता म्हणाला, "दीदी, हॅपी दिवाली." मला त्याला उत्तर द्यायचं होतं, आणि आवाजच फुटेना. मग लक्षात आलं, दोन दिवसांत मी कॅप्टन आणि कंट्रोल टॉवर सोडून कुणाशी बोललेच नव्हते. हॉटेलवर जाऊन पडदे ओढून झोपायचं, अंधार पडला की उठायचं. काम उरकून घरी फोन करावा तर तुम्ही सगळे झोपलेले. म्हटलं, बास झालं. जरा माणसांत जाऊ.

आकाराम : मग आलीस की माणसांत.

राजनंदिनी : आले. आणि पहिलं माणूस तुम्ही भेटलात.

आकाराम : वा! म्हंजे माझाच तरास तुला! आगं, माझं सोड, ह्या बाकीच्या लोकांकडं बघ की. तिकिटं काढून बसल्यात. परत्येकाचं काय ना काय काम असंल. आता हे पावणं बघ शेजारचं. मुंबईपासनं तोंडातनं शबुद न्हाय. मी एवढं बोलतोय, नुसती मान हलवत्यात. पण त्येंचंबी काम अडलंय का न्हाय? बोला पावणं. घाबरू नगासा, पोरगी आपलीच हाय. सांगा तिला काय काम हाय ते!

प्रभुलिंग : ऱ्हाऊ दे ओ.

आकाराम : ऱ्हाऊ दे कसं? बोलायलाच पायजे!

प्रभुलिंग : अव्वाची माती हाय.

आकाराम : काय म्हणला?

प्रभुलिंग : आई गेली काल सांजच्याला. दुपारपतोर थांबतो म्हणलीया भावकी. त्याच्यावर न्हाय थांबणार. बसनं पोचलो नसतो, म्हणून मालकानं इमानाचं तिकीट काढून दिलं.

राजनंदिनी : दादा, मला कुणीच सांगितलं नाही. तुम्ही आधी का नाही बोललात?

प्रभुलिंग : बोलून काय हुतंय बाई? धुकं काय माझं ऐकणार हाय? तुमी वर न्हेलं ते बरं केलं. एवढी माणसं हाईत. माझ्यासाठी कशाला खाली घालायचं?

आकाराम : आन् मी तुमच्या कानाशी हलगीचं सांगत बसलो पावणं. मुंबईपासनं.

प्रभुलिंग : असू दे ओ. तुमी बोलत हुता म्हणून बरं वाटत हुतं. गप बसलो असतो तर घरच दिसाय लागलं असतं.

राजनंदिनी : गाव कुठलं तुमचं?

प्रभुलिंग : गडहिंग्लजच्या फुडं, संकेश्वरच्या वाटंला. कोल्हापुरात उतरून गाडी बघायची म्हणत हुतो.

राजनंदिनी : गडहिंग्लज? अहो दादा, मग कोल्हापूरला कशाला जाताय? इथनं जवळ पडतं तुम्हाला. संकेश्वरवरनं वळलं की झालं.

प्रभुलिंग : इथनं म्हंजे? आपण कुठं हाय आत्ता?

आकाराम : बेळगावात पावणं! एवढा वेळ मी बेळगाव बेळगाव म्हणून बोंबलतोय की!

प्रभुलिंग : धुकं तेवढं ऐकलं, बाकी काय ध्यानात आलं न्हाय ओ. बेळगाव? खरंच बेळगाव?

आकाराम : नंदे, दार उघड. उतरव ह्येंला.

राजनंदिनी : ही वडाप जीप नाही काका, हात केला की थांबवायला. कॅप्टनना विचारायला लागतं, खाली ऑफिसला कळवावं लागतं, यादीतनं नाव काढावं लागतं. दादा, सामान काय आहे तुमचं?

प्रभुलिंग : एवढी पिशवीच. बाकी काय घ्यायचं सुचलंच न्हाय.

राजनंदिनी : मग जमेल. बसा, आले मी.

(राजनंदिनी कॅप्टनशी बोलून परत येते, तेव्हा आकाराम बेळगावात राहणाऱ्या आपल्या लेकीशी फोनवर बोलत आहे.)

आकाराम : आगं वर्षाराणी, का म्हणून इचारू नकोस, उदयसिंहला म्हणावं गाडी काढ आन् विमानतळावर ये. जेवायला न्हाय येत मी! मातीला जायचंय. कुणाच्या म्हंजे? एका पावण्याच्या. तू वळखत न्हाईस. मीबी न्हाय वळखत. ठेव फोन!

राजनंदिनी : परवानगी मिळाली दादा. शिडी आणतायत. खाली एक माणूस उभा असेल, तो तुम्हाला बाहेर सोडेल. टॅक्सी मी सांगून ठेवते.

आकाराम : टॅक्सी नको. माझा जावई याय लागलाय. मीबी उतरतोय ह्यांच्यासंगं.

राजनंदिनी : तुम्ही कशाला?

आकाराम : कशाला म्हंजे? मातीला माणूस एकटं जातंय व्हय?

राजनंदिनी : काका, तुमची बॅग आत सामानात आहे. माणूस उतरला की त्याची बॅगपण उतरवायला लागते. ती शोधून बाहेर काढेपर्यंत विमान जागचं हलवता येत नाही.

आकाराम : ठेव मग तुझ्याकडंच. पेढं आन् दोन धोतरं हाईत. पेढं वाट सगळ्यांत.

राजनंदिनी : तसं चालत नाही! माणसाविना बॅग न्यायची नाही, नियम आहे. आत्ताच टॉवरवरनं कळलंय, कोल्हापूरचं धुकं पातळ व्हायला लागलंय. तुमच्या एका बॅगेसाठी सगळ्यांना थांबवायचं का मी?

आकाराम : मालाचं इमान चालवलंयस म्हणतीस, आन् एक बॅग काढता येईना व्हय? कुठं ठेवलीया सांग, मीच वढून काढतो.

राजनंदिनी : ह्या पुढच्या भिंतीमागंच आहे. माझ्या पाठीला लागून. ह्या विमानात आधी मी, मग बॅगा, मग तुम्ही. पण तिथं हात लावायचा नाही, खालची माणसं येऊन काढतील.

आकाराम : मग बोलाव की त्यास्नी. इतका येळ वाद घातलास तवर निघाली असती.

राजनंदिनी : बोलावलंय मघाशीच. तुम्ही फोनवर होता तेव्हाच. मला माहीत होतं तुम्ही हेच करणार.

आकाराम : मग भांडतीस कशाला?

राजनंदिनी : आण्णांना काय सांगू? तुम्ही विमानातनं उतरणार म्हणून पेठ गोळा झालीया. फेटा आणलाय म्हणे तुमच्यासाठी.

आकाराम : तुझ्यासाठी गोळा झालीया. माझं काय कौतुक? सांग त्येला, आकाराम बेळगावात कामाला लागलाय.

राजनंदिनी : काका.

आकाराम : काय?

राजनंदिनी : सकाळी मी कॅप्टनना सांगितलं होतं, आज पहिल्या रांगेत माझे काका आहेत. मीच तुम्हाला येऊ नका म्हणाले होते खरं. पण नावांच्या यादीत तुमचं नाव दिसलं आणि बरं वाटलं मला. मला तुम्ही असायला हवे होतात उतरताना.

आकाराम : आगं येडे, तुझं इमान रोज हाय. बशीन की परत. चुलतीला घिऊन बशीन, मग बघ कसा दंगा घालती ती. पण ह्येंची आई...

राजनंदिनी : कळलं. जावा. उदयसिंह भावजींना म्हणावं, हायवेला लागलं की धुकं लागंल, गाडी सावकाश हाणा.

आकाराम : आता तू मला धुक्याचं शिकवाय लागलीस?

राजनंदिनी : व्हय. आज एवढं तरी ऐका माझं.

आकाराम : बरं बाई, ऐकलं. चला पावणं. पिशवी द्या इकडं.

प्रभुलिंग : बाई, लई उपकार झालं तुमचं. माझ्यामुळं तुमचा खोळंबा.

राजनंदिनी : खोळंबा नाही दादा. आपण बोलतोय तवर धुकं निवळंल. पायऱ्या ओल्या आहेत, सांभाळून उतरा. काका, त्यांचा हात धरा.

आकाराम : धरलाय. नाव काय पावणं आईचं?

प्रभुलिंग : नीलम्मा.

आकाराम : मग सांगा की काय तरी नीलम्मांचं. मी मघाधरनं लई बोललोय. आता तुमी बोला.

प्रभुलिंग : काय सांगू... भाकरी लई पातळ करायची अव्वा.